रजिस्टरात नसलेली पोरं

चाळीसगावहून पाटणादेवीच्या रस्त्याला लागलं की अठरा-वीस किलोमीटरवर गौताळ्याचं जंगल येतं. श्रावणात अर्धा जळगाव जिल्हा तिथे भिजायला जातो. भजी, मक्याची कणसं, धबधब्याखालचे फोटो आणि परतताना देवीचं दर्शन असा एकूण बेत असतो. याच पाटण गावात एक शिलालेख सापडला होता, आणि माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरणीला त्याचं वेड लागणं साहजिक आहे. गणित शिकवण्यासाठी कुणी काय दिलं, याचा तो चक्क हिशेब आहे.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. वरचा भाग संस्कृतात आहे, त्यात वंशावळ आणि स्तुती. शेवटाकडे भाषा मराठीवर येते आणि व्यवहार सुरू होतो. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला. गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला.

ते पळीभर तेल मला फार आवडतं. रात्री दिव्याशी बसून कुणी पोरगा कुट्टक, म्हणजे पूर्णांकात उत्तरं शोधायची समीकरणं, सोडवत असेल, अडला की शेजारच्याला हलवून उठवत असेल, असं उगाच डोळ्यांपुढे येतं. पण किती जण शिकले, कुणाला जमलं, कोण मधेच सगळं टाकून घरच्या शेतीवर परत गेलं, यातलं लेखात काही नाही. दानाचा लेख आहे, त्याने ते सांगावं अशी अपेक्षाही नाही. फक्त आज आम्ही लिहितो ते अहवालही अजून तेवढंच सांगतात, ही गंमत आहे.

मी याच जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. गणितात अडलेल्या मुलांसाठी आमच्याकडे एक खोली आहे, आणि दर वर्षी तिचा अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात येतं. नमुना ठरलेला आहे. खुर्च्या किती, तास किती, शिक्षक किती, ‘लाभार्थी संख्या’ किती, आणि शेवटी जिओटॅगवाले, म्हणजे कुठे काढले त्याची नोंद असलेले फोटो. कागदावर त्या खोलीला भलंमोठं इंग्रजी नाव आहे. मुलं तिला डाउट रूम म्हणतात. दुपारचे तास संपले की तिथे एक शिक्षक आणि वरच्या वर्गातली दोन-तीन पोरं बसतात. कुणीही यावं, वही उघडावी, अडलेलं विचारावं. सक्ती नाही, मार्क नाहीत, कुणी ओरडत नाही.

एम-वन, एम-टू या गणिताच्या पेपरांत अडलेली पहिल्या वर्षाची मुलं येतात. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला दाखल झालेली आणि पुढच्या एम-थ्री पेपरातला लाप्लास, म्हणजे अवघड समीकरणं सोप्या बीजगणितात बदलायची रीत, बघून हबकलेली ‘डायरेक्ट सेकंड इयर’वाली येतात. एम-टूची बॅक घेऊन तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेले बहाद्दर येतात. कधीमधी संस्थेच्याच सायन्स कॉलेजातून एमएस्सी झूलॉजीचं कुणी प्रोजेक्टचा डेटा घेऊन येतं आणि निरागसपणे विचारतं, “मॅडम, पी व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या खाली कशी आणायची?” पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती मोजायची असते, ‘आणायची’ नसते, एवढं पटवून देण्यातच अर्धा तास जातो. पण खरं सांगायचं तर तो माझा आवडता अर्धा तास असतो.

या खोलीचा उपयोग होतो का, हा प्रश्न साधा वाटतो. संस्थाचालकांना तो तसा वाटतो, कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या समितीलाही वाटतो. नॅकच्या मागच्या चौकटीत २.२.१ क्रमांकाचा मुद्दा होता : विद्यार्थ्यांची शिकण्याची पातळी तपासता का, आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ व ‘स्लो लर्नर’ यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम घेता का? मुद्दा रास्त आहे. पण त्यातून कॉलेजोकॉलेजी ‘स्लो लर्नर’ नावाची फाईल जन्माला आली. फाईल कपाटात कुलुपात राहते आणि त्यातली नावं वर्गभर फिरतात. एकदा ते नाव लागलं की पोरगा मदतीच्या खोलीकडे फिरकत नाही, कारण तिथे गेलं की ते नाव कबूल केल्यासारखं होतं. म्हणून आमच्या दारावर आम्ही कुठलीच पाटी लावली नाही.

इंग्लंडात ही खोली आता रुळलेली आहे. तिथेही नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंगला येणाऱ्या मुलांचं गणित कच्चं असतं अशी ओरड झाली होती. १९९५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने आणखी दोन संस्थांबरोबर त्यावर अहवाल काढला. कॉव्हेंट्री विद्यापीठात १९९१ मध्ये आणि लफबरोला १९९६ मध्ये अशी केंद्रं निघाली. २००५ पासून दोघांनी मिळून ‘सिग्मा’ नावाने काम सुरू केलं आणि पुढे तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत ही सोय पोचली. आयर्लंडमध्येही तेच. या मंडळींनी मूल्यमापनावर भरपूर लिहिलं आहे. वाचताना जाणवतं की मुद्दाम येऊन बसायच्या जागेचं मोजमाप कसं करावं, या प्रश्नाने त्यांनाही चांगलंच छळलं आहे. लफबरोची पोरं आणि पारोळ्याची पोरं एकाच ठिकाणी अडतात, आणि त्यांचे मास्तरही.

अडचण अशी. समजा, खोलीच्या रजिस्टरात नाव असलेल्या मुलांतली जास्त पास झाली आणि नसलेल्यांतली कमी. प्राचार्य खूश. पण आपणहून मदत मागायला येणारा मुलगा मुळातच अभ्यासाला लागलेला असतो. खोली नसती तरी त्याने कुणाला तरी गाठलं असतं. आता उलट धरा. रजिस्टरातली मुलं कमी पास झाली. कुणीतरी म्हणणार, खोली बंद करा. पण तिथे आलेच ते ज्यांचं जास्त अडलं होतं. सिव्हिल हॉस्पिटलात गेलेल्या आणि न गेलेल्या माणसांची तब्येत शेजारी-शेजारी ठेवली, तर हॉस्पिटलच रोग पसरवतंय असं वाटेल. एकाच आकड्याचे दोन विरुद्ध अर्थ लागत असतील, तर तो आकडा आपल्याला काही सांगत नाही.

विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म असतात, त्यांच्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पोरं सरळ एका रेषेत ‘उत्कृष्ट’वर टिक करत खाली येतात.

मग कोण येतं आणि कोण येत नाही, हे बघायला हवं. इथे खानदेशाचा नकाशा मधे येतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती आणि मार्कशीटवरची एक चूक दुरुस्त करायची तर माणूस रात्रीच्या गाडीने पुण्याला जायचा. विद्यापीठ जवळ आलं, पण कॉलेज अजून लांबच आहे. चोपडा, यावल, एरंडोल, पारोळ्याकडची मुलं रोज एसटीने येतात. धरणगाव, अमळनेरची भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांनी येतात. त्यांचं सगळं जगणं पासाच्या गाडीवर बेतलेलं असतं. डाउट रूम उघडते चारला. पाच-सव्वापाचची गाडी धरायची तर साडेचारला गेटबाहेर पडावं लागतं, कारण स्टँडवर जागा पकडायची असते. ती गाडी हुकली की पुढची गर्दीची, फाट्यावर उतरवणारी, आणि तिथून गावापर्यंत अंधारात चालत. मुलींच्या बाबतीत तर विषयच संपला. एकदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी घरी कॉलेज बंद करायचीच चर्चा.

थोडक्यात, खोलीत येणारी मुलं म्हणजे बहुतेक वसतिगृहातली आणि गावातल्या गावातली. आता वसतिगृहातल्या मुलाला आणखी काय काय मिळतं ते बघा. रात्री अभ्यासाला वेळ, खोलीत वरच्या वर्गातला मुलगा, आधीच्या वर्षांचे पेपर, मेसमध्ये आयतं जेवण. चोपड्याच्या अलीकडच्या खेड्यातला मुलगा घरी पोचतो तेव्हा साडेसात झालेले असतात. त्यात आठवड्यातून काही रात्री शेतीची लाईट रात्रीची असते आणि पाणी भरायला त्यालाच जावं लागतं. ऑक्टोबरनंतर कापूस वेचायला माणूस मिळत नाही, तेव्हा अख्खं घर वावरात असतं आणि नेमकी तेव्हाच सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते. हे दोघं निकालात मागेपुढे झाले तर त्यातलं किती श्रेय डाउट रूमचं आणि किती एसटीच्या वेळापत्रकाचं? ‘आलेले’ आणि ‘न आलेले’ अशी तुलना करून आम्ही बहुधा बसच मोजत असतो.

आमच्या विभागप्रमुखांना हे पटतं, पण ते व्यवहारी आहेत. ते म्हणाले, “मॅडम, मग आधी आणि नंतर असं करा. एकाच मुलाची दोनदा परीक्षा घ्या. सुरुवातीला टेस्ट, कोर्स झाल्यावर टेस्ट. मग बसबिस काही मधे येत नाही.”

कल्पना वाईट नाही, तिच्यात एक खोच मात्र आहे. पहिल्या आठवड्यात तीस मार्कांची टेस्ट घेतली आणि दहाच्या खालच्या मुलांना ब्रिज कोर्सला, म्हणजे कच्चा पाया भरून काढायच्या जादा तासांना बसवलं, असं धरू. त्या दिवशी दहाच्या खाली असलेल्यांत खरोखर कच्ची मुलं असतात. शिवाय आदल्या रात्री पाणी भरून झोपमोड झालेला असतो, तापातून उठलेली मुलगी असते, गावात लग्न असल्याने पहाटेपर्यंत डीजेपुढे असलेला एखादा असतो. दुसऱ्या टेस्टच्या दिवशी हे लोक ठीकठाक असतात. म्हणजे मधे आम्ही एक अक्षर शिकवलं नाही, नुसता चहा पाजला, तरी या गटाची सरासरी वर जाईल. एका दिवसाच्या तळातली मुलं दुसऱ्या दिवशी सगळीच्या सगळी तळात सापडत नाहीत, एवढंच त्यामागे असतं. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ साली आई-बाप आणि मुलांच्या उंचीवरून हे मांडलं, आणि संख्याशास्त्र शिकवणारा प्रत्येक जण ते फळ्यावर लिहितो. स्वतःच्या ब्रिज कोर्सचा आलेख समोर आला की मात्र हाच माणूस ते सोयीस्करपणे विसरतो. चढता आलेख कुणाला नको असतो?

खरी तपासणी चिठ्ठ्या टाकून होते. अर्ध्या मुलांना मदत, अर्ध्यांना नाही, आणि निवड नशिबावर. औषधांच्या चाचण्या अशाच चालतात. पण दारात वही घेऊन उभ्या असलेल्या पोराला “तुझी चिठ्ठी नाही निघाली बाबा, तू जा” असं सांगायची माझी छाती नाही, आणि असली असती तर मी मास्तरकी केली नसती.

यातून एक पळवाट आहे, आणि ती मला मनापासून आवडते. १९६० साली थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी शिष्यवृत्तीच्या निमित्ताने ती दाखवली. दहाच्या खाली ब्रिज कोर्स सक्तीचा असेल, तर नऊ मार्कांचा मुलगा कोर्सला बसतो आणि दहा मार्कांचा बसत नाही. या दोघांत फरक तो काय? एखादं चिन्ह चुकलं, एवढाच. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं जवळपास सारखीच. मग सत्राच्या शेवटी नऊवाली दहावाल्यांच्या पुढे गेलेली दिसली, तर ते काम कोर्सचं. बस, कापूस, रात्रीची लाईट हे दोन्हीकडे सारखंच वाटलेलं असतं. अतिशय देखणी रीत. फक्त आमच्या एवढ्याशा कॉलेजात रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून मूठभर मुलं निघतात, आणि त्यातल्या एकाला परीक्षेच्या दिवशी डेंग्यू झाला की सगळा निष्कर्ष फिरतो. विद्यापीठाने तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत एकच टेस्ट आणि एकच रेघ ठेवली, तर यातून खरंच काही हाती लागेल. सूचना म्हणून मी ती एकदा मांडलीही. बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

एवढं झाल्यावरही माझं मन ज्या गोष्टीवर अडकलं आहे ती वेगळीच आहे. त्यासाठी खोलीत प्रत्यक्ष काय चालतं ते सांगावं लागेल.

एम-थ्रीचं लाप्लास रूपांतर घेऊन येणाऱ्या मुलाला लाप्लास क्वचितच अडलेलं असतं. सूत्रांचा तक्ता पाठ असतो. गाडी रुतते ती उलट येताना, पार्शल फ्रॅक्शनपाशी. छेदात दोन पदांचा गुणाकार आहे, त्याचे दोन सुटे अपूर्णांक करायचे. ते तसे का होतात हे कुणी विचारलेलं नसतं; ए आणि बी काढायची कृती तेवढी गिरवलेली असते, आणि चिन्ह चुकलं की सगळंच वाहून जातं. एक मुलगा त्याच्या पद्धतीने स्पष्ट म्हणाला होता, “मॅडम, हाई माले काय समजनं नही.” अशा वेळी मी लाप्लास बाजूला ठेवायला सांगते आणि वहीच्या कोपऱ्यात लिहिते : १/६. सहा म्हणजे दोन त्रिक. मग एक छेद सहाचे दोन तुकडे कर, एकाचा छेद दोन, दुसऱ्याचा तीन. मुलं थोडा वेळ बेरजेने झगडतात. मग कुणीतरी वजाबाकी करून बघतं : १/२ − १/३. तीन वजा दोन, भागिले सहा. बसलं. आता दोनच्या जागी ‘एस अधिक एक’ लिही, तीनच्या जागी ‘एस अधिक दोन’. तीच वजाबाकी, तोच एक वर. चेहरे बघण्यासारखे होतात. काही मुलांना रागच येतो, की एवढ्यासाठी आपण दोन वर्षं घाबरत होतो.

हे बघितल्यावर मी एम-थ्री शिकवणाऱ्या सरांना सांगितलं, तुमच्या वर्गाचं लाप्लास बरं आहे, अपूर्णांक कच्चे आहेत. त्यांनी एक अख्खा तास नुसत्या अपूर्णांकांना दिला, सगळ्या वर्गासाठी. आता गंमत पाहा. या तासाचा फायदा बसवाल्यांना झाला, होस्टेलवाल्यांना झाला, खोलीचं दार कधी न पाहिलेल्यांना झाला. खोलीने केलेलं हे कदाचित सगळ्यात मोठं काम. आणि ‘आलेले’ विरुद्ध ‘न आलेले’ अशी तुलना करायला बसलं, तर या कामामुळे दोघांतला फरक कमी झालेला दिसणार! म्हणजे खोली जितकी जास्त उपयोगी पडेल, तितकी ती अहवालात निरुपयोगी ठरेल. तुलनेच्या पोटात एक गृहीतक दडलेलं असतं, की मदत खोलीतच राहते, दाराबाहेर जात नाही.

ती जाते. एका संध्याकाळी अमळनेरला नातेवाइकांकडे निघाले होते, पॅसेंजरने. धरणगाव जवळ आलं असेल. मागच्या बाकड्यांवर आमच्याच कॉलेजची पाच-सहा पोरं. एक जण चार वाजता घाईघाईने खोलीत डोकावणारा, दहा मिनिटं उभ्या-उभ्या विचारून पळणारा. बाकीच्यांची नावं मी रजिस्टरात कधी पाहिली नव्हती. जर्नलच्या मागच्या पानावर त्याने एक छेद सहा लिहिलं होतं आणि तो माझ्यापेक्षा बरं शिकवत होता. कारण तो अहिराणीत शिकवत होता, आणि समोरच्याने चूक केली की थेट शिवी घालत होता. एकाने डोक्याला हात लावला : “हाई ते सहावीनं गणित शे!” सगळी हसली. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मॅडम डब्यात आहेत हे कळलं असतं, तर ती शाळा तिथेच सुटली असती.

अमेरिकेत बर्कले विद्यापीठात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्राइसमन नावाच्या गणितज्ञाला असाच प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने मागे का पडतात? लोकांकडे कारणं तयार होती : पाया कच्चा, घरची परिस्थिती, मुलांना ओढच नाही. ट्राइसमन मुलांमागोमाग हिंडला, ती कुठे, कधी, कशी अभ्यास करतात ते बघितलं. मागे पडणारी मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं आधी आपापला अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत, कुणाचं काय चुकलं ते तिथल्या तिथे कळे. मग त्याने कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्या ‘रेमेडियल’, म्हणजे कच्च्या मुलांसाठीच्या, ठेवल्या नाहीत. मुद्दाम अवघड गणितं दिली आणि मुलांना गटाने त्यांच्याशी भिडवलं. निकाल खूप सुधारले. मला या गोष्टीतली सर्वांत मोलाची वाटते ती त्याची पहिली पायरी : तो मुलांच्या राहत्या जागी गेला. केंद्राच्या खुर्चीत बसून कोण आलं ते मोजत राहिला असता, तर त्याला ही एकटी पोरं दिसलीच नसती.

आमची पोरं एकत्र असतात ती गाडीत. दीड तास जायला, दीड तास यायला. मग मी सुचवलं की प्रत्येक मार्गावर एक वरच्या वर्गातला मुलगा ठरवू, चोपडा गाडीचा एक, यावलचा एक, अमळनेर पॅसेंजरचा एक. सोमवारी त्याला तीन गणितं द्यायची, अवघड, गाडीत भांडण लागेल अशी. शनिवारी त्याने येऊन कुठे अडलं ते सांगायचं. विभागप्रमुख हसले आणि म्हणाले, “चांगलं आहे, पण त्याची हजेरी कशी घेणार?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. जिओटॅगवाला फोटो यावल गाडीत कोण काढणार? गणितं आम्ही देतोच आहोत, अहवालात फक्त त्याला रकाना नाही.

आणि मग इंटर्नल टेस्टचे पेपर तपासताना एक गोष्ट नजरेत भरली. एम-थ्रीच्या बऱ्याच उत्तरपत्रिकांत, कच्च्या कामाच्या समासात, बारीक अक्षरात १/६ = १/२ − १/३ लिहिलेलं होतं. काहींनी पुढे नीट खोडलेलंही होतं, मास्तरांना दिसू नये म्हणून. मी त्या नावांपुढे खुणा केल्या आणि रजिस्टर उघडलं. त्यातली बरीच नावं रजिस्टरात नव्हती. ती मुलं आमच्या खोलीत कधीच आली नव्हती, आमची वजाबाकी मात्र त्यांच्या समासात बसली होती.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा संख्याशास्त्राचे आमचे एक सहकारी चहा ढवळत म्हणाले, “यावरून काही सिद्ध होत नाही. यूट्यूबवर कुणीतरी हेच उदाहरण दिलं असेल. क्लासवाल्यांनी सांगितलं असेल. सरांनी अपूर्णांकांच्या तासाला हेच घेतलं असेल. एक छेद सहा कुणालाही सुचेल.” मला थोडं लागलं, पण माणूस बरोबर बोलत होता. मी संख्याशास्त्राच्या वर्गात हेच शिकवते. सरांना विचारलं, तर त्यांनी त्या तासाला एक छेद वीस घेतलं होतं, पाच चोक वीसचं. म्हणजे एक वाट बंद झाली. यूट्यूबची आणि क्लासची उघडीच आहे.

तेव्हा या सत्रासाठी आम्ही दोघांनी मिळून वेगळा आकडा ठरवला आहे : एक छेद पस्तीस. तो मुद्दाम अडचणीचा आहे. १/५ − १/७ केलं की २/३५ येतं, एक छेद पस्तीस येत नाही. निम्मं करावं लागतं. ते निम्मं कुठून आलं हे कळलं की छेदांतलं अंतर दोन असलं तर काय करायचं, तीन असलं तर काय, हेही आपोआप कळतं, आणि एक छेद सहात नेमकी हीच गोष्ट लपून राहत होती. वर्गात हे उदाहरण कुणी घ्यायचं नाही, सरांनाही तसं सांगितलं आहे. खोलीत येणाऱ्या मुलांना आणि गाड्यांवरच्या तिघांना तेवढं द्यायचं. इंटर्नल दिवाळीच्या आधी आहे. पेपर तपासायला सहकारी स्वतः बसणार आहेत, आणि रजिस्टर त्या दिवसापर्यंत त्यांच्या कपाटात राहील, माझ्या नाही, ही अट त्यांनीच घातली आहे.